उचल घेतली आणि दिवस राहिले: फड, कला केंद्र, जलसा, नाटक इथल्या बायकांचं काम आणि पैसे

तेरणाकाठ

मार्गशीर्षात माळेगावचा खंडोबा, महाशिवरात्रीला परळी आणि औंढा, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याची येडाई, १४ एप्रिलपासून पुढं महिनाभर भीमजयंतीचे कार्यक्रम, अधेमधे गावोगावचे उरूस. आपल्याकडं मराठवाड्यात तमाशात नाचणाऱ्या, गाणाऱ्या, वगात (तमाशातल्या नाट्यात) उभ्या राहणाऱ्या बाईचं वर्षाचं पोट या दिवसांवर चालतं. नेमके याच काळात तिला दिवस राहिले तर तिचं काम जातं, आणि ते कुठल्याही कागदावर उमटत नाही.

"तुला काढलं" असं कुणी म्हणत नाही. "जिवाला जप, घरी जा" म्हणतात. पुढच्या गावच्या बॅनरवर तिचा फोटो नसतो. गौळणीत पहिल्या रांगेतली मागं जाते, तिची लावणी दुसरीकडं जाते आणि लावणीसोबत दौलतजादाही (प्रेक्षकांकडून मिळणारी बक्षिसी). कला केंद्रात तिच्याच पार्टीची बैठक चालू असताना तिला आतल्या खोलीत बसवतात. ऑर्केस्ट्रावाला फोन उचलत नाही. उचल (आगाऊ घेतलेले पैसे) मात्र तिच्या नावावर तशीच राहते आणि पुढच्या हंगामात अंगावरच्या लेकरासकट ती फेडायला उभी राहते. याची दुसरी बाजू तितकीच वाईट आहे. उचल फिटली नाही म्हणून सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत कंबरपट्टा आवळून नाचवतात, नाहीतर "हंगाम जाईल" म्हणून पोट पाडायला भरीला घालतात.

माझं म्हणणं असं की पोट दिसल्यावर भांडायला बसलं तर फार उशीर झालेला असतो. उचल घेताना जो कागद होतो, त्यातच बाळंतपणाची ओळ असली पाहिजे. इथं वकिली करणारे, दवाखान्यात काम करणारे, फड (फिरता तमाशा) चालवणारे, नाट्यशास्त्राचे लोक आहेत. अनुभवकथनाचे धागे पुष्कळ आहेत, इथं ते नको. कोणता कागद, किती दिवस, कोणतं ऑफिस, कितव्या महिन्यात कोणतं काम झेपतं, एवढं नेमकं लिहा.

दुधना

तेरणाकाठ, फार गरजेचा धागा. कायद्याचं मी लिहिते. जरा मोठं होईल.

१९६१ चा मातृत्व लाभ कायदा, त्यातली २०१७ ची दुरुस्ती, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता २०२०. संहितेच्या सहाव्या प्रकरणात जुन्या कायद्याचा गाभा तसाच उतरला आहे. २६ आठवडे पगारी रजा, त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे बाळंतपणाच्या अंदाजे तारखेच्या आधी. दोन लेकरं हयात असतील तर १२ आठवडे, त्यातले ६ आधी. गर्भपात झाला तर ६ आठवडे. मालकानं दवाखान्याची मोफत सोय केली नसेल तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

फडाला हे लागू आहे का, हा पहिला वाद मालक घालतो. १९६१ च्या कायद्यात घोड्यांचे खेळ, कसरती आणि इतर खेळ दाखवणाऱ्या आस्थापनांचा वेगळा उल्लेखच होता आणि तिथं माणसांची मोजदाद नव्हती. आता मात्र दहा माणसं दाखवणं हाच पक्का रस्ता धरा. गेल्या बारा महिन्यांत कोणत्याही एका दिवशी दहा भरले तरी पुरतं. मोजताना फक्त नाचणाऱ्या मोजू नका. ढोलकी, हलगी, पेटी, सोंगाड्या, मागं साथीला गाणारे झीलकरी, लाईटवाला, साउंडवाला, ड्रायव्हर, राहुट्या ठोकणारे, स्वयंपाकी, मुनीम, सगळे मोजा. मध्यम फडसुद्धा सहज चाळिशी ओलांडतो.

दुसरी अट ८० दिवसांची. बाळंतपणाच्या अंदाजे तारखेच्या आधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडं ८० दिवस काम झालेलं पाहिजे. दसरा ते वैशाख असा पूर्ण हंगाम केलेल्या बाईची तारीख वर्षाच्या कोणत्याही महिन्यात आली तरी मागचे बारा महिने मोजताना ८० दिवस बहुतेक वेळा भरतात. ऑगस्टची तारीख असेल तर अख्खा हंगाम मोजणीत येतो. जानेवारीची असेल तर मागच्या हंगामाचा उरलेला भाग आणि नव्याची सुरुवात मिळून भरतं. अर्धा हंगाम करून सोडलेली किंवा फक्त यात्रेपुरती येणारी बाई इथं अडकते.

पैशांचा हिशेब. रजेवर जाण्याच्या लगत आधीचे तीन कॅलेंडर महिने घ्या. त्यात जितके दिवस काम झालं तेवढ्या दिवसांच्या मजुरीची सरासरी काढा. समजा ६० दिवस काम आणि ४८,००० रुपये मिळाले, तर रोजचे ८०० झाले. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस. ८०० गुणिले १८२ म्हणजे १,४५,६००, वर बोनसचे ३,५००. मालक म्हणेल खेळ नसलेले दिवस वजा करा. तसं करता येत नाही. सुट्टीचे, बिनपगारी रविवारसुद्धा मोजायचे हे सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्येच ठरवलं आहे. बाळंतपणाआधीच्या काळाचे पैसे डॉक्टरचा दाखला दिल्यावर आगाऊ, आणि उरलेले बाळ झाल्याचा पुरावा दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात.

इथं एक खोच आहे. फड बंद झाल्यावर दोन महिन्यांनी रजा दाखवली तर "आधीचे तीन महिने" कोरडे निघतात आणि सरासरीवरच वाद होतो. तारीख उन्हाळा-पावसाळ्याच्या तोंडावर असेल तर रजेची सुरुवात फड चालू असतानाची लिहा.

"रोजंदारीची बाई आहे" म्हणून हक्क जात नाही. दिल्ली महापालिकेच्या मस्टरवरच्या बायकांच्या खटल्यात २००० साली हे ठरलं. "करार वैशाखात संपला" म्हणूनही जात नाही. २०२३ मध्ये एका कंत्राटी डॉक्टरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं कराराच्या मुदतीपुढचा लाभही द्यायला लावला. गरोदरपणात काढून टाकलं तरी, काढलं नसतं तर जो लाभ मिळाला असता तो बुडत नाही. आणि "गरोदर राहिल्यास करार रद्द" असं कलम छापील करारात घालून तिची सही घेतली असली तरी कायद्यापुढं ते टिकत नाही.

माहूरची

दुधनाताई, वाचनखूण साठवली. एक विचारते. संगीत बारीत (कला केंद्रात बैठकीची लावणी करणाऱ्या पार्ट्यांत) मालक कोण धरायचा? थिएटरचा मालक म्हणतो पार्टीच्या मालकिणीला विचारा, मालकीण म्हणते मी पण त्यांच्याच वाट्यावर जगते. पार्टीत तर पाच-सहाच माणसं असतात.

दुधना

माहूरची, खरी अडचण तिथंच आहे. बैठकीचे पैसे आधी कोणाच्या गल्ल्यात जातात ते बघायचं. बहुतेक ठिकाणी काउंटर केंद्राचा, पावती केंद्राची, परवाना केंद्राच्या चालकाच्या नावावर. राहायच्या खोल्या त्याच्या, बैठकीच्या वेळा तो ठरवतो, कोणत्या पार्टीनं कधी बसायचं हेही तोच. एवढं असल्यावर केंद्र ही एक आस्थापना आणि सगळ्या पार्ट्या, आचारी, वेटर, वॉचमन मिळून तिची माणसं, असा दावा मांडायचा. मग दहा भरतात. सोपं नाही, पण मांडता येतं. पुरावा म्हणून काउंटरच्या पावतीचा फोटो, खोलीत लावलेली नियमांची पाटी, बैठकीचं वेळापत्रक, केंद्राच्या नावानं आलेली यूपीआय रक्कम जपून ठेवा. पार्टीच्या मालकिणीला पहिल्या फटक्यात विरोधात उभं करू नका. तीच उद्या साक्षीदार असते.

बालाघाट

फडाची बाजू मांडतो, राग मानू नका. यात्रा कमिटी सुपारी (खेळाचं बुकिंग) देताना पोस्टरवरच्या बाईसाठी देते. ती नसली की हिशेबाच्या वेळी कापून घेतेत, कधी खेळच अडवतेत. गाड्यांचं डिझेल, जनरेटर, माणसांचं दोन वेळचं जेवण रोज चालूच राहतं. त्यात एका बाईला दीड लाख घरबसल्या द्यायचे म्हणजे लहान फड मोडतो. मालक सगळे वाईट नाहीत, पैसाच नसतो.

तरी काम काढून घेणं टाळता येतं. ज्या फडात प्रत्येक मुख्य लावणीला दोघी तयार असतात तिथं हा प्रश्न निम्म्यानं कमी होतो. तालमीतच दोघींचा घाट बसवायचा, एक आजारी पडली तरी तेच कामाला येतं. पोस्टर छापताना एकटीचा मोठा फोटो न टाकता फडाचं नाव मोठं करायचं आणि खाली "कलाकारांत बदल संभवतो" ही ओळ घालायची. सुपारीच्या कागदावरबी तीच ओळ. कमिटीनं सही केली की पैसे कापायला जागा राहत नाही.

आणि तमाशात बसवायच्या जागा कमी नाहीत. गणात (सुरुवातीच्या गणेशवंदनेत) उभं राहून सूर धरायला फार ताकद लागत नाही. गौळणीत मावशीचं काम, वगात राणी, सासू, पाटलीण, दरबारातलं बसून करायचं काम, मागं झीलकऱ्यांत गायला बसणं, नव्या पोरींना अदा शिकवणं. बैठकीची लावणी तर हात, डोळे आणि गळ्यावरच उभी असते. मुनिमानं कागदावर लिहून द्यायचं की या महिन्यापासून या महिन्यापर्यंत हे काम, मजुरी तीच. मजुरी तीच हे लिहिलं नाही तर जागा बदलली म्हणून पैसे अर्धे करायलेत, हे मी बाजू घेऊन पण सांगतो.

दुधना

बालाघाट दादा, मजुरीबद्दल कायद्याचा आधार घ्या. अंदाजे तारखेच्या सहा आठवडे आधीच्या एका महिन्यात, तिनं मागितल्यावर, जड, फार वेळ उभं राहायचं किंवा गर्भाला धोका होईल असं काम देता येत नाही. आणि काम हलकं दिलं म्हणून मजुरी कापता येत नाही.

दीड लाखाच्या ओझ्याबद्दल. मालकानं कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआयची नोंदणी केली तर हे पैसे महामंडळ देतं, मालक नाही. मजुरीच्या ३.२५ टक्के मालकाचे, ०.७५ टक्के कामगाराचे. महिना २१,००० पर्यंत मजुरी असणाऱ्यांना हे लागू आहे. मागच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असलं की २६ आठवडे मिळतात. ८०० रोजाची बाई महिन्याला २० खेळ करत असेल तर मालकाचे महिन्याला ५२० रुपये जातात. लहान फड मोडतो तो नोंदणी न केल्यामुळं. दहापेक्षा कमी माणसांच्या पार्टीलाही मालक आणि बहुसंख्य माणसं राजी असतील तर स्वेच्छेनं नोंदणी करता येते. संगीत बारीच्या पार्ट्यांनी याचा जरूर विचार करावा.

बालाघाट

५२० रुपयांचं गणित आजवर कुणी सांगितलं नव्हतं. चार फडवाल्यांच्या ग्रुपवर टाकतो.

नर्सताई_उदगीर

दवाखान्याच्या बाजूनं लिहिते. कितव्या महिन्यात काय, हे डॉक्टरनं त्या बाईला तपासूनच ठरवायचं. खालचं सगळं गुंतागुंत नसलेल्या गरोदरपणाबद्दल आहे.

पहिले तीन महिने बाहेरून काही दिसत नाही, पण उलट्या, चक्कर, थकवा तेव्हाच जास्त असतो. रात्री साडेनऊला उपाशीपोटी बोर्डावर (रंगमंचावर) उभं राहणं ही या काळातली सगळ्यात मोठी चूक. खेळाआधी दीड तास भाकरी-वरण असं थोडं खावं, विंगेत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी ठेवावं. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणींना नाचणं झेपतं, पण नाच बदलावा लागतो. सांधे धरून ठेवणारे बंध या काळात सैल होतात, पोटामुळं तोल पुढं जातो. म्हणून जलद गिरकी, उडी, बसकण मारून झटक्यात उठणं, मागं कमान टाकणं हे आधी काढायचं. पायातल्या घुंगरांच्या ओळी निम्म्या करायच्या. त्यांच्या वजनानं घोटा आणि गुडघ्यावर ताण येतो आणि सैल सांध्यात पाय मुरगळून पडायची भीती वाढते. कंबरपट्टा नाभीच्या खाली, बोटं आत जातील एवढा सैल. नऊवारीची गाठ पोटावर आवळायची नाही. सातव्यापासून बसून गाणं, संवाद, अदा एवढंच. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय सुजतात, म्हणून पाऊण तासानं उठून चार पावलं चालावं. गाणाऱ्यांनी लक्षात घ्या, गर्भाशय वर सरकतं आणि श्वासाचा पडदा वर ढकलला जातो, लांब तान तुटते. आवाज खराब झालेला नसतो. ओळी लहान तोडाव्यात, पट्टी अर्धा-एक स्वर खाली घ्यावी.

यात्रेत खरी हानी नाचण्यापेक्षा पाण्यानं होते. राहुटीजवळ संडास नसतो, म्हणून बायका दुपारपासून पाणी पीतच नाहीत आणि लघवी रोखून धरतात. त्यातून लघवीचा संसर्ग होतो, आणि गरोदरपणात तो अंगावर काढला तर दिवस भरायच्या आत कळा सुरू होऊ शकतात. एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. कमिटीशी सुपारी ठरवताना बायकांसाठी बंद, दिवा असलेला संडास आणि पाण्याची टाकी हे कागदावर घ्या. गरोदर नसलेल्यांनाही त्याची गरज आहेच. खेळ संपल्यावर ट्रकच्या हौद्यात, सामानावर बसून शंभर किलोमीटर जायचं नाही, पुढच्या केबिनमध्ये जागा द्यायची.

माता-बाल संरक्षण कार्ड पहिल्या महिन्यांतच काढा. आशाताईकडं किंवा उपकेंद्रात नोंद होते. कार्ड ट्रंकेत नको, अंगावर. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात दुसऱ्या-तिसऱ्या तिमाहीची मोफत तपासणी असते. फड त्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात कार्ड दाखवून तपासून घेता येतं. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी, ७ च्या खाली म्हणजे तातडीनं मोठा दवाखाना. रक्त जाणं, पाणी जाणं, डोकं फार दुखून अंधारी येणं, चेहरा-हात सुजणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एक जरी झालं तर खेळ थांबवून १०८ लावा. साध्या ने-आणीला १०२ मोफत आहे.

आता दाखल्याबद्दल, कारण नोकरी तिथंच जाते. डॉक्टरला "विश्रांतीचा दाखला द्या" असं सांगू नका. "पूर्ण विश्रांती" लिहिलं की मालक म्हणतो काम करायला लायकच नाही, घरी जा. दाखल्यावर अंदाजे तारीख, आज किती आठवडे, काय नको (उड्या, गिरक्या, वजन उचलणं, खूप वेळ उभं राहणं) आणि काय चालेल (बसून गायन, संवाद, तालीम घेणं) हे दोन्ही लिहून घ्या.

माहूरची

बाळंतपणानंतर परत कधी उभं राहायचं? मालक सव्वा महिना झाला की बोलावतोच.

नर्सताई_उदगीर

पहिले सहा आठवडे अजिबात नाही. सिझेरियन असेल तर नाचाला तीन महिने धरून चाला. पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतात आणि ओटीपोटाचा तळ सैल असतो. तसंच नाचलं तर खोकताना लघवी सुटणं, अंग बाहेर येणं हे त्रास कायमचे लागतात. आधी चालणं, मग ओटीपोटाचे व्यायाम, मग बिनघुंगराची तालीम, मग बोर्ड. दूध काढून ठेवायचं असेल तर २५ अंशांच्या खोलीत ते ४ तास टिकतं. उन्हाळ्यातल्या राहुटीत हा हिशेब लागू पडत नाही, तिथं बर्फाच्या पेटीतच ठेवा, नाहीतर बाळ सोबत ठेवून दोन लावण्यांच्या मध्ये पाजा.

तेरणाकाठ

यावर एक बोलायचंच आहे. गरोदर मुलीला बोर्डावर ढकलताना हमखास विठाबाई नारायणगावकरांचं उदाहरण दिलं जातं. खेळ चालू असताना त्यांना कळा आल्या, मागं जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा उभ्या राहिल्या, असं सांगतात. त्या बाईच्या हिमतीपुढं डोकं टेकवावं असंच ते आहे. दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झालेली ती कलावंत. पण त्या रात्री तिला दुसरा मार्ग का नव्हता, हे विचारायचं सोडून तोच आजचा नियम करायचा, हे मला सहन होत नाही.

दुधना

आणि आज तो गुन्हा आहे. बाळंतपणानंतर, तसंच गर्भपातानंतर, सहा आठवडे मालकानं तिला कामावर ठेवायचंच नाही. ती स्वतः "हो" म्हणाली तरी नाही.

उचलीचंही इथंच सांगते. "उचल फिटेपर्यंत दुसरीकडं जायचं नाही, पोट असलं तरी नाचायचं" ही वेठबिगारी आहे. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा ऊसतोडीच्या कोयत्याला (मजूर जोडीला) जसा लागतो तसा फडालाही लागतो. अर्ज जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडं करायचा. वेठबिगारी ठरली तर ते कर्जच संपतं आणि राबवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पोट पाडण्याबद्दल: सज्ञान बाईच्या गर्भपाताला फक्त तिची संमती लागते, नवऱ्याची नाही आणि मालकाची तर नाहीच. तिच्या संमतीशिवाय गर्भपात घडवून आणणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ८९ खाली जन्मठेपेपर्यंतचा गुन्हा आहे.

भीमजलसा_नांदेड

जय भीम. गायिकांचं काय? आमच्याकडं एप्रिल-मे मध्ये रोज एक कार्यक्रम असतो, पण पार्टी रोज वेगळी, देणारा रोज वेगळा. पोट दिसलं की "स्टेजवर बरं दिसत नाही" म्हणतात. ८० दिवस एका मालकाकडं होणार कसे?

दुधना

होत नाहीत, आणि म्हणून हा कायदा तिथं पोचत नाही. सुटी सुपारी घेणाऱ्या गायिकेला दुसऱ्या गायिकेनं बदललं तर थेट बोट ठेवावं असं कलम नाही. तिथं करारच सगळं. इसार घेताना व्हॉट्सॲपवर का होईना एवढं लिहून घ्या: तारीख, ठिकाण, गाण्यांची संख्या, एकूण रक्कम, इसार, "गायिका गरोदर असल्याच्या कारणावरून कार्यक्रम काढून घेतल्यास इसार परत मिळणार नाही आणि उरलेल्या रकमेपैकी निम्मी देणे राहील", "तब्येतीमुळे गायिका येऊ शकली नाही तर त्याच दर्जाची पर्यायी गायिका ती स्वतः पाठवेल", "बसून गायची व्यवस्था आयोजक करेल". समोरच्यानं "ठीक आहे" लिहिलं तरी तो पुरावा आहे.

सोबत ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) काढा. पंतप्रधान मातृवंदना योजनेत पात्रतेच्या कागदांत ते चालतं. पहिल्या बाळाला दोन हप्त्यांत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. हंगामाच्या कमाईपुढं ही रक्कम लहान आहे, पण गरोदरपणाची नोंद सरकारी कागदावर लवकर येते आणि पुढं पुराव्याला लागते.

विंगेतून

नाटकाच्या बाजूनं थोडं. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी संस्थांत मानधनच नसतं, तिथं प्रश्न भूमिका जाण्याचा असतो. दिग्दर्शकानं मुलीला न विचारता बदली घेतलेली असते. तालीम सुरू होतानाच बदलीची नटी ठरवावी आणि दोघींनी प्रयोग वाटून घ्यावेत. वेशभूषेत घडीची चोळी, बाजूला नाडी असलेला परकर ठेवला की सहाव्या महिन्यापर्यंत तोच पोशाख चालतो.

नाट्यशास्त्र, संगीत विभागांतल्या विद्यार्थिनींनी हे लक्षात ठेवावं की पीएच.डी.ला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांत २४० दिवसांची मातृत्व रजा आहे. पदवी-पदव्युत्तरसाठी हजेरी आणि परीक्षेत सवलतीचे नियम करा असं यूजीसीनं डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना कळवलं आहे. प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत नृत्य-हालचालीचे गुण असतील तर आधी लेखी अर्ज देऊन वेगळी तारीख मागावी. परीक्षेच्या दिवशी तोंडी सांगून काही होत नाही.

माहूरची

फडातल्या बाईनं अर्ज कसा लिहायचा? साधा नमुना द्या ना ताई.

दुधना

साध्या कागदावर, दोन प्रती:

"प्रति, मालक / व्यवस्थापक, … फड. मी … आपल्या फडात … तारखेपासून नृत्य / गायन / अभिनयाचे काम करते. मी गरोदर असून डॉक्टरांच्या दाखल्याप्रमाणे बाळंतपणाची अंदाजे तारीख … आहे. … तारखेपासून मी मातृत्व रजेवर जात आहे. रजेच्या काळात मी दुसरीकडे काम करणार नाही. रजेचे पैसे मला किंवा माझ्या वतीने … यांना द्यावेत. रजेवर जाईपर्यंत सोबतच्या दाखल्याप्रमाणे हलके काम द्यावे. रजेनंतर मी याच कामावर परत येईन. सही, तारीख."

एका प्रतीवर मुनिमाची पोच घ्या. देत नसेल तर स्पीड पोस्टानं पाठवा, पत्ता करारावरचा किंवा पोस्टरवरचा. व्हॉट्सॲपवर फोटोही टाका. अर्ज बाळंतपणाआधी द्यायचा राहिला तर नंतर लवकरात लवकर द्या, हक्क बुडत नाही. "दुसरीकडे काम करणार नाही" ही ओळ मनापासून पाळा. रजेच्या काळात कुठं एक सुपारी केली तरी तेवढ्या काळाचे पैसे जातात, आणि मालक त्याच व्हिडिओची वाट बघत असतो.

पैसे दिले नाहीत किंवा काढलं तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार. काढल्याचं कळल्यापासून ६० दिवसांच्या आत करा. फड फिरता असतो, म्हणून फडाचं ऑफिस जिथं आहे आणि शेवटचा खेळ जिथं झाला ते दोन्ही पत्ते घाला. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा, बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

भीमजलसा_नांदेड

हजेरीची वही मालकाच्या ट्रंकेत असते. ८० दिवस दाखवायचे कशानं?

तेरणाकाठ

बाहेरच्या कागदांवरून. प्रत्येक गावच्या खेळाला पोलीस ठाण्याची परवानगी लागते, त्यावर फडाचं नाव आणि तारीख असते. माहितीच्या अधिकारात अर्ज करून ती मिळते. यात्रा कमिटीच्या जमाखर्चात सुपारीची नोंद असते. गावच्या पोरांनी टाकलेल्या व्हिडिओत फड, गाव, तारीख सगळं दिसतं. लिंक आणि स्क्रीनशॉट त्याच दिवशी जपून ठेवा, नंतर काढून टाकतात. यूपीआयचा उतारा. ज्या दवाखान्यात तपासलं तिथल्या केसपेपरवरचं गाव. आणि एक पाच रुपयांची वही: आजची तारीख, गाव, खेळ झाला की नाही, मिळालेले पैसे, उचलीतून कापलेले पैसे, सोबत नाचलेल्या दोघींच्या सह्या. दौलतजादा मालकाच्या हातून वाटली जात असेल तर तो आकडा वेगळ्या रकान्यात लिहा, मजुरीत धरायचा की नाही ते वकील मांडतील. दसऱ्याच्या पहिल्या खेळापासून लिहायला घ्या, कुणाला दिवस असोत वा नसोत.

दुधना

बरोबर. वहीचं पान भरलं की त्याच रात्री फोटो काढून बहिणीला, आईला पाठवा. फोटोला तारीख आपोआप लागते, आणि वही कुणी फाडली तरी हिशेब दुसऱ्या गावात सुरक्षित राहतो.